महिपतच्या दोन फिल्मा

महिपत देवमाणूस होता, असं आता जो तो म्हणतो. मेलं की सगळेच देवमाणूस होतात. पण मी त्याच्यासोबत एका छपराखाली सतरा वर्षं नोकरी केली आहे आणि माझी आठवण अजून शाबूत आहे. तापट होता. तोंडाचा घाणेरडा होता. दोनदा नोकरी जाता जाता राहिली, दोन्ही वेळा हात उचलला म्हणून. तेव्हा देवमाणूस वगैरे मला सांगू नका. मी ताराबाई, त्या दवाखान्यातली सिस्टर. जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

गुडीहत्नूरच्या पुढं हायवेला लागून आमचा दवाखाना होता, एका ट्रस्टचा, वीस खाटांचा. डॉक्टर एकच, सुधाकरराव. बाळंतपणं आणि हिवताप सोडला तर आमच्याकडे येणारे निम्मे लोक मार खाऊन यायचे, नाहीतर मारून. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून भांडण झालं, घाल कुऱ्हाड. गुडुंबा, हातभट्टीची दारू पोटात गेली, फोड सख्ख्या भावाचं डोकं. एकदा बोकडाच्या वाटणीवरून तोडलेला कान रुमालात बांधून आणला होता, आणि कान तोडणारा आणि कान गेलेला, दोघं एकाच बैलगाडीत बसून आले होते. मी त्या कानाला टाके घालत होते आणि तोडणारा मला म्हणत होता, "सिस्टर, नीट लावा बरं, आमचं नातं हाय."

महिपत मुधोळकडचा. बाप पाटलाच्या वाड्यावर सालगडी होता आणि त्याच्या पाठीवर चाबकाचे वळ मरेपर्यंत होते. बौद्ध वस्तीतला हा पहिला दहावी पास. एक्क्याऐंशी साली आमच्याकडे झाडूवाला म्हणून लागला. आमचा एक्स-रेवाला हैदराबादला पळाला, तेव्हा डॉक्टरांनी ह्याला हाताला धरून मशीन शिकवलं. वर्षभरात हा असा तयार झाला की फिल्म ओली असतानाच सांगायचा, हाड कुठं मोडलं, कशानं मोडलं, आणि आणणारा माणूस खोटं किती बोलतो.

खोटं त्याला सहन व्हायचं नाही. त्र्याऐंशी साली एकानं बायकोला आणलं, जबडा तुटलेला. म्हणाला, विहिरीत पडली. महिपतनं फोटो काढला, फिल्म वाळत घातली, त्या माणसाला डार्करूमच्या मागं नेलं आणि त्याचं नाक फोडलं. डॉक्टर धावत आले. रक्त पाहिलं, महिपतकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता ह्याचाही फोटो काढ." ट्रस्टच्या लोकांनी पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवला.

तुम्हाला वाटेल, वा, काय न्यायी माणूस. थांबा. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ह्याच महिपतनं स्वतःच्या बायकोचं मनगट मोडलं. रेणुकाबाई तिचं नाव, शांत बाई. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट फेकलं, तिनं उलट उत्तर दिलं, ह्यानं हात पिरगाळला. दुसऱ्या दिवशी ती हात फडक्यात बांधून स्वतःच दवाखान्यात आली आणि रांगेत बसली. नंबर आला तसा आत गेली आणि हात टेबलावर ठेवला. फोटो कोण काढणार? हाच. मी बाहेर उभी होते. हा डार्करूममध्ये गेला तो बाहेरच येईना. दार ठोकलं, तर लाल दिव्याखाली ट्रेवर वाकून उभा. औषधाच्या पाण्यात बायकोचं मनगट हळूहळू वर येत होतं, आधी बोटं, मग हाड, मग चीर. "हे म्या केलं," असं दोनदा म्हणाला. मी म्हटलं, "मंग का मी केलं?" माझा स्वभावच तसा, मेल्याची तेव्हा मला दया आली नाही.

त्यानंतर घरी त्यानं हात उचलला नाही, असं रेणुकाबाईच मला सांगायची. तोंड मात्र तसंच राहिलं. आणि एक खोड लागली. बायकोच्या मनगटाचा दर महिन्याला फोटो काढायचा, नवी फिल्म जुन्या फिल्मवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचा आणि हाड किती भरलं ते पाहायचा. मग सगळ्याच पेशंटचं तसं करू लागला. जुन्यावर नवी, नव्यावर जुनी. डॉक्टर हसायचे. मी म्हणायची, महिपतभाऊ, पापडासारख्या एकावर एक काय रचता? पण ह्या खोडीनंच पुढं एक जीव वाचवला. दवाखान्यानं नाही, औषधानं नाही, आणि मीही नाही.

त्र्याण्णव साली अधिक महिना होता. पोळ्यानंतर पाचेक आठवड्यांनी चंद्रभागा आली. सव्वीस वर्षांची, मुधोळकडच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरची सून, माहेर मात्र आमच्या शेजारच्या गावचं. सोबत माय होती, कौशल्याबाई, विधवा, ताठ पाठीची, कमी बोलणारी. आणि नवरा, नागनाथ. पांढरा शर्ट, डॉक्टरांपुढं वाकून नमस्कार. "साहेब, पाठीत चमका येऊन राह्यल्या तिले. तुमी म्हणान ते करू."

चंद्रभागेला श्वास घ्यायला त्रास होत होता. दोन वर्षांआधी तिच्या स्तनातली एक गाठ हैदराबादला काढली होती, तपासणीत कॅन्सर निघाला होता, पण सुरुवातीचाच. म्हणून सुधाकरराव धास्तावले. महिपतनं फोटो काढला. काही नाही, फासळ्या साफ. ती म्हणाली, कापसाच्या गाडीवरून पडले. मी तिच्या पाठीला हात लावला तशी ती आक्रसून टेबलाच्या कडेला सरकली. पाठीवर वळ नव्हता. पडल्याला महिना उलटून गेला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

डॉक्टरांनी तिला हाडांच्या स्कॅनसाठी हैदराबादला पाठवलं. तेव्हा ही गोष्ट आमच्या भागात कोणी ऐकलीही नव्हती. शिरेतून एक औषध टोचतात. ते हाडात जाऊन बसतं, आणि हाड जिथं दुखावलेलं असेल, भरून येत असेल किंवा आजारानं पोखरलं जात असेल, तिथं जास्त जमतं. मग मोठं मशीन ते टिपून घेतं आणि फिल्मवर त्या जागी काळा ठिपका येतो. म्हणजे आमचा फोटो हाडाचा आकार दाखवतो, आणि हा स्कॅन हाडात आत काय चाललंय ते दाखवतो. पण का चाललंय, ते तो सांगत नाही. गोम तिथंच होती.

स्कॅन आला. फासळ्यांवर पाच ठिपके. सोबत हैदराबादच्या डॉक्टरांचं पत्र: आधी कॅन्सर झालेली बाई, फोटोत मोडल्याची खूण नाही, त्याअर्थी आजार हाडांत पसरला. स्तनाचा कॅन्सर अंडाशयाच्या रसावर पोसतो, म्हणून ऑपरेशन करून अंडाशय काढून टाका, मग औषधं. वर्ष, फार तर दीड वर्ष. त्यांची तरी काय चूक, कागदावर तेच दिसत होतं.

सुधाकररावांनी तिघांना बसवून सांगितलं. कौशल्याबाईनं पदर तोंडात कोंबला. नागनाथ म्हणाला, "देवाची मर्जी. कुठं सही करू?" इतकं पटकन म्हणाला की माझ्या टाळक्यात तिडीक गेली. नंतर कौशल्याबाईकडून कळलं, भोकरकडची एक पोरगी त्याच्या माणसांनी आधीच पाहून ठेवली होती. चंद्रभागेची चार वर्षांची मुलगी सासरी अडकवून ठेवली होती. ही मेली की दुसरी येणार, पोर तिथंच राहणार, आणि ही कशानं मेली हे कोणी विचारणार नाही. कॅन्सर म्हटल्यावर कोण विचारतं?

आणि चंद्रभागा? ती त्या दिवशी पोटभर जेवली. दोन भाकरी, वर आंबाडीची भाजी मागून घेतली. मला रागच आला. म्हटलं, मरणाचा कागद हातात आणि हिला भाजी सुचते. ऑपरेशनची तारीख दसऱ्यानंतरची ठरली आणि तिला आमच्याकडेच ठेवून घेतलं.

महिपतला ते पटलं नाही. "ज्या हाडाले एवढं जळून राह्यलं, थे माह्याच फोटोत साफ काऊन?" असं म्हणत तो दिवसभर माझ्या मागं. डॉक्टर म्हणाले, अरे, आजार आधी स्कॅनमध्ये दिसतो, फोटोत मागून दिसतो, हेच तर त्याचं वैशिष्ट्य. हा म्हणाला, "असंन. पण म्या दोन्ही एकावर एक ठेवून पाह्यतो." डॉक्टर वैतागले. "ठेव. दसऱ्यापर्यंत ठेव."

ठेव म्हणणं सोपं होतं. आमची फिल्म हातभर, आणि स्कॅनवरची बाई वीतभर. महिपत सायकलवर आदिलाबादला गेला, धोंडीबा फोटोवाल्याच्या स्टुडिओत. लग्नाचे फोटो मोठे करायचं यंत्र होतं त्याच्याकडे, त्यावर स्कॅन मोठा करून पारदर्शक फिल्मवर उतरवून घेतला. गळ्याच्या हाडापासून शेवटच्या फासळीपर्यंत सुतळी धरून मोजलं तर लहान झाला. परत गेला, मोठा झाला. तिसऱ्यांदा धोंडीबानं शिव्या दिल्या, ह्यानं त्याच्या आईचा उद्धार केला, तेव्हा कुठं बेताचा निघाला. आणून ठेवला, तरी फासळ्यांवर फासळ्या बसेनात. डोकं धरून बसला. मग चंद्रभागेलाच जाऊन विचारलं, तिकडं कसं काढलं? ती म्हणाली, निजवून, अर्धा घंटा, श्वास चालू ठेवून. आमचा फोटो उभं करून, खांदे पुढं काढून, श्वास रोखून काढलेला. श्वास भरला की फासळ्या वर चढतात. मग ह्यानं तिला टेबलावर निजवलं आणि नुसता श्वास चालू असताना नवा फोटो काढला. आता बसल्या.

बसल्या, पण ठिपके उजव्या बाजूला आले, आणि तिथली हाडं काचेसारखी साफ. भिंग घेऊन पाहिलं, काही नाही. म्हणजे डॉक्टर खरे, हा आजारच. दसरा चार दिवसांवर. दोन दिवसांनी रांगेतल्या एका ट्रकवाल्यानं नंबरावरून हुज्जत घातली तर महिपतनं त्याला ढकलून पायरीवरून खाली पाडलं. मीच मध्ये पडले. म्हटलं, महिपतभाऊ, तिचं मरण तुमी थोडंच आणलं? तर माझ्यावरच धावून आला, "तुमाले काय, सुई टोचली का झालं!"

सुई म्हणाला आणि माझ्या ध्यानात आलं. स्कॅनवर कोपराजवळ एक काळा डाग होता. ते औषध टोचताना जरा बाहेर सांडलं की सुईच्या जागी डाग उमटतो, एवढं मला कळत होतं. मी विचारलं, "हा डाग कोणत्या हाताचा?" ह्यानं फिल्म जशी ठेवली होती तशी पाहिली. "डाव्या." मी म्हटलं, "तिले सुई उजव्या हातात टोचली. चार दिवस निळं होतं, मीच शेक दिला."

झालं होतं असं. उजवं-डावं कळावं म्हणून फोटोवर शिशाची अक्षरं ठेवतात. आमची अक्षरं कोणीतरी मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून कधीच पळवली होती. तेव्हापासून महिपत सायकलचा एक वायसर, भोकाची लोखंडी चकती, पेशंटच्या उजव्या खांद्याला चिकटवायचा. उजवा का, तर तो जेवता हात. दहा वर्षं आमच्या दवाखान्यात खांद्यावर खूण म्हणजे उजवा खांदा. हैदराबादवाले डाव्या खांद्याला खूण ठेवत असतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांची खूण आमच्या वायसरवर ठेवून त्यानं चंद्रभागेचं शरीरच उलटं केलं होतं.

महिपतनं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि फिल्म पालटली. पाचही ठिपके डावीकडे गेले. खालचे तीन काळेकुट्ट, एकाखाली एक, तीन लागोपाठच्या फासळ्यांवर, पट्टी लावून ओढल्यासारखे तिरप्या रेषेत. त्यातल्या एकाखाली, भिंग धरल्यावर, केसाएवढी चीर. वरचे दोन ठिपके फिकट, आणि त्यांच्याखाली आमच्या फोटोत, हृदयाच्या पांढऱ्या सावलीआड, हाडावर दोन गाठी. मोडून जुळलेल्या हाडाच्या गाठी. उभ्या फोटोत त्या कोणालाच दिसल्या नव्हत्या. नुसत्या फोटोत आजार नव्हता, नुसत्या स्कॅनमध्ये आजारच होता, आणि दोन्ही मिळून तिथं मार होता. वरचा जुना, खालचा ताजा.

डॉक्टर आले. फिल्मा पाहिल्या, चष्मा काढून पुसला. "कॅन्सर असा रांगेत उभा राहत नाही," म्हणाले, आणि चंद्रभागेला बोलावून विचारलं, पोरी, खरं सांग, काय झालं? ती म्हणाली, "गाडीवरून पडली, साहेब." तीनदा विचारलं, तीनदा गाडी. मग महिपतनं फिल्मवरून मान वर न करता, कामाचं विचारावं तसं विचारलं, "उभारी व्हती का तुतारी?" उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला ठोकतात तो जाड दांडा. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. ती पटकन बोलून गेली, "उभारी." मग तिनं तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नागनाथ सही करायला आला. डॉक्टरांनी त्याला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. कौशल्याबाई होती, चंद्रभागा स्टुलावर बसली होती. दिव्याच्या पेटीवर दोन्ही फिल्मा लावलेल्या. डॉक्टर म्हणाले, "नागनाथ, तुझ्या बायकोला काही पसरलेलं नाही. हा मार आहे. मी पोलिसांना कागद लिहितो आहे." तो हसला. "साहेब, ह्या माणसाच्या सांगण्यावर? ह्याचा बाप आमच्या भागात शेण उचले." मी महिपतच्या मुठींकडे पाहिलं. म्हटलं, आता ह्याचं नाक गेलं.

पण आधी नागनाथच झेपावला. पेटीवरून दोन्ही फिल्मा ओरबाडल्या आणि फाडायला लागला. एक्स-रेची फिल्म फाटत नाही हो, कागद नाही तो. त्यानं पिळली, दातांत धरली, त्याच्याच ओठाला कड लागून रक्त आलं. महिपतनं त्याच्या हातातून त्या हिसकावल्या आणि दोन्ही हात वर करून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नागनाथनं त्याच्या पोटात गुडघा घातला. तोंडावर बुक्की, परत बुक्की. एक दात खाली पडलेला मी पाहिला. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यभर आधी हात चालवला आणि मग विचार केला, तो हात वर धरून मार खात उभा. खाली घेतले असते तर फिल्मा गेल्या असत्या. मी सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि नागनाथच्या खांद्यावर घातला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी घातला. डॉक्टरांनी आणि दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरनं त्याला बाहेर ओढून नेऊन स्टोअरमध्ये कोंडला.

महिपतनं रक्त थुंकलं, फिल्मा शर्टानं पुसल्या आणि परत पेटीवर लावल्या. कौशल्याबाई जवळ आली. "हे काय दाखवते, मले सांगा." त्यानं खालच्या तीन काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे ताजं, माय. दोन-अडीच महिन्यांच्या आतलं." चंद्रभागा स्टुलावरूनच बोलली, "पोळ्याच्या करीचं. तू पंचमीच्या माहेरपणाहून मले वापस धाडलं, त्याच्यानंतरचं." मग त्यानं वरच्या फिकट दोन ठिपक्यांवर बोट नेलं. "हे आठ-दहा महिन्यांचं." ती म्हणाली, "संक्रांत. तू मले नवं लुगडं नेसवून एसटीत बसवलं व्हतं. म्या म्हटलं व्हतं, माय, नोको धाडू."

कौशल्याबाई पेटीखाली जमिनीवरच बसली. चंद्रभागेनं महिपतला विचारलं, "म्हणजे मी मरत नाई?"

"नाई."

"मंग मले वापस जावं लागन?"

तेव्हा मला त्या दोन भाकरी कळल्या. माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ती पोरगी मरणाचा कागद घेऊन सुटली होती, आणि आम्ही तो कागद तिच्या हातातून काढून घेतला होता. महिपतनं कौशल्याबाईकडे पाहिलं. उत्तर द्यायचं होतं तिच्या मायनं.

कौशल्याबाई उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "सिस्टर, हिच्यावर ध्यान ठेवजा. म्या नातीले घेऊन येतो." दवाखान्याची जीप आणि ड्रायव्हर घेऊन ती थेट लेकीच्या सासरी गेली. तिथं सासू दारात आडवी झाली तर तिला केसांना धरून बाजूला केलं, सासऱ्यानं काठी उचलली तर म्हणाली, मारा, माह्याबी फासळ्या मोजाले माणूस बसला हाय. सांजेच्या आत नातीला कडेवर घेऊन परत आली. कपाळाला खोक पडली होती, मीच तीन टाके घातले. लेकीला तिनं पुन्हा सासरी धाडलं नाही. नागनाथवर केस झाली, सहा वर्षं चालली, आणि त्यात त्याला काय झालं म्हणाल तर काही विशेष झालं नाही.

जुळवलेल्या फिल्मा डॉक्टरांनी हैदराबादला पाठवल्या. उत्तर आलं, तुमचं बरोबर आहे, ऑपरेशन करू नका, सहा महिन्यांनी परत स्कॅन करा. ते जुळवणारे रेडिऑलॉजिस्ट कोण, असंही विचारलं होतं. डॉक्टरांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. महिपत म्हणाला, "लिहा त्याहिले, झाडूवाला." सहा महिन्यांनी चंद्रभागेचा नवा स्कॅन आला. काळे ठिपके फिकट झालेले, फिकटांपैकी एक तर दिसतच नव्हता, आणि नवा एकही नाही. तिची तब्येत भरली होती, आमच्याच दवाखान्यात ती आयाचं काम शिकत होती.

त्या दिवशी ती आणि तिची पोर बाहेर बाकावर बसल्या. कौशल्याबाई मात्र एक्स-रेच्या दारात उभी राहिली. मी विचारलं, मावशी, काही राहिलं का? तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, महिपतला म्हणाली, "बापू, हे किती जुनं दिसते तुमच्या मशीनीत?"

महिपत म्हणाला, "स्कॅनमंधी जुनं नाई दिसत, माय. जुनं थंडं होऊन जाते. फोटोत मात्र मोडून जुळल्याची गाठ राह्यते."

"तीस-पस्तीस वर्षं? हिच्या बापाच्या वेळचं?"

"राह्यते."

"मंग माहा काढा."

डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, पावती नव्हती. महिपतनं दार लावून घेतलं आणि तिला टेबलावर निजवलं, नुसता श्वास चालू ठेवायला सांगितलं. फिल्म धुऊन ओलीच बाहेर आणली आणि खिडकीशी धरली. एकेका फासळीवर बोट ठेवत खाली आला. तिनं पदर सावरत विचारलं, "किती?"

"सात."

कौशल्याबाई खिडकीपाशी आली, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्या पाचच मोजले व्हते."